बाळाच्या नाकातली गाठ: आधी एमआरआय

आज ओपीडीत पुन्हा हाच विषय: तान्ह्या बाळाच्या एका नाकपुडीत गाठ आणि मेंदूत कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे डावे-उजवे भाग जोडणारा पट्टा) अर्धवट. 'पॉलिप (नाकातला साधा मांसल कोंब) असेल' म्हणून लगेच तपासणीसाठी तुकडा काढायचा नाही! ही गाठ म्हणजे कवटीच्या तळातून खाली उतरलेला मेंदूही असू शकतो. चिमटा लागला की मेंदूभोवतीचं पाणी गळतं, मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची) भीती. रडताना गाठ फुगते का बघा, पण फुगली नाही म्हणून निश्चिंत राहू नका. आधी एमआरआय, हाडासाठी सीटी.

मेंदूचा भाग नसेल तर कॉन्ड्रोमेसेन्कायमल हॅमार्टोमा आठवावा. दुर्मीळ, कॅन्सर नसलेली गाठ, पण हाड झिजवते म्हणून कॅन्सर वाटून फसवते. दुर्बिणीतून पूर्ण काढावी. उरली तर वाढते. डायसर१ जनुक आणि छाती तपासाच, याच जनुकदोषात फुप्फुसाची घातक गाठही होते.