जुनी गाडी परत करता येते

"जुन्या गाडीला कसली आलीय गॅरंटी?" हे वाक्य आमच्याकडं इतक्या वेळा कानावर पडतं की लोकांना तो कायदाच वाटतो. डीलर म्हणतो, शेजारचे म्हणतात, गाडी बिघडली की घरातली वडीलधारी माणसंही तेच म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. आमच्या घरी मात्र तो मिटला नाही. भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, घेतलेली गाडी आम्ही डीलरला परत केली आणि तिची पूर्ण किंमत परत घेतली. परभणीत हे कळल्यापासून ओळखीचे-अनोळखी लोक विचारायला येतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

दुसरंही एक कारण आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, सगळीकडं पाणीच पाणी झालं. त्या पाण्यात माणसांचे संसार गेले, जनावरं गेली, पिकं गेली आणि दारात उभ्या गाड्याही बुडाल्या. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरं चढवून बाजारात येणारच. आमची गाडी नेमकी तसलीच होती, फक्त पाणी पुण्याचं होतं.

सासऱ्यांना तपासणीसाठी नांदेडला न्यावं लागतं आणि एसटीचा प्रवास आता त्यांना झेपत नाही. कापसाचे पैसे आणि माझ्या पतसंस्थेचं कर्ज असं मिळून 3,85,000 रुपये उभे राहिले. अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर छत्रपती संभाजीनगरच्या एका डीलरकडून हॅचबॅक घेतली. एमएच 12 पासिंग, पेट्रोल, पहिलाच मालक. भाऊजींनी व्हॉट्सॲपवर स्पष्ट विचारलं होतं, "पावसापाण्यात सापडलेली नाही ना?" उत्तर आलं, "नाही भाऊ, शोरूम कंडिशन. एक रुपयाचं काम नाही." पुढं सगळं प्रकरण या दोन ओळींवर उभं राहिलं.

आधी डावीकडची काच वर जाईना. मग स्टिअरिंगचा दिवा लागायला लागला. मे महिन्यात नांदेडहून येताना वसमत ओलांडल्यावर गाडी रस्त्यातच बंद पडली. मागच्या सीटवर सासरे, डोक्यावर ऊन आणि आजूबाजूला सावलीचं झाड नाही. एका टेम्पोवाल्यानं दोर बांधून गाडी परभणीपर्यंत ओढून आणली.

वसमत रोडला आमच्या ओळखीचे एक गॅरेजवाले चाचा आहेत. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि हळूहळू ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. एरवी कुणी तेवढा ओढत नाही. वरचा पट्टा काळाभोर, स्वच्छ. शेवटची वीतभर मात्र तपकिरी, मातकट, बोटानं चोळलं तर भुकटी निघत होती. मग त्यांनी सीट पुढं सरकवून खालची रेल दाखवली, ती गंजून खरबरीत झालेली. डिकीतली स्टेपनी काढली, तर खालच्या खड्ड्यात वाळलेल्या गाळाचा थर. शेवटी पायाखालचं कार्पेट उचलून वायरींचा एक जोड सोडवला, आतल्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं. चाचा एवढंच म्हणाले, "मॅडम, ये गाडी डूबी हुई है."

नंतर त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये आरसी दाखवून जुनी नोंद काढली. 2024 च्या ऑगस्टचं जॉबकार्ड निघालं, त्यावर गाडीत पाणी शिरल्याचं लिहिलेलं. जुलैच्या शेवटी पुण्यात सिंहगड रोडच्या भागात घराघरात पाणी शिरलं होतं, ते आठवत असेल. तारखेला तारीख जुळली.

डीलरला फोन केल्यावर त्यानं तीन गोष्टी सांगितल्या आणि या तिन्ही गोष्टी सगळेच डीलर सांगतात. जुनी गाडी 'जशी आहे तशी' विकली, तसं लिहिलेल्या कागदावर तुमची सही आहे. आम्ही नुसते मधले, मालक दुसराच. आणि फारच वाटत असेल तर गाडी आमच्याकडं घेऊन या, आमचा माणूस करून देईल.

पहिल्या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण माणसं तिथंच हबकतात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये वस्तूतला 'दोष' म्हणजे काय ते कलम 2 च्या पोटकलम 10 मध्ये दिलंय. कायद्यानं किंवा करारानं ठरलेला दर्जा वस्तूत नसणं हा दोष आहेच. पण विक्रेत्यानं कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला असेल, तो नसणं हासुद्धा दोषच. कोणत्याही प्रकारे म्हणजे जाहिरातीत, तोंडानं किंवा व्हॉट्सॲपवर. गाडी जुनी आहे म्हणून ही व्याख्या बदलत नाही. 'जशी आहे तशी' याचा अर्थ फार तर इतकाच की जी अवस्था मला सांगितली किंवा दाखवली, ती मी मान्य केली. जी लपवली ती मी कशी मान्य करणार? शिवाय भारतीय करार कायदा 1872 मधला आहे, त्याच्या कलम 17 मध्ये माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकून ठेवणं याला कपट म्हटलंय. कपटानं मिळवलेल्या संमतीवरचा करार फसवला गेलेला माणूस रद्द करून मागू शकतो.

याची दुसरी बाजूही मला तितकीच महत्त्वाची वाटते. टायर झिजलेत, क्लच जड लागतो, बॅटरी उतरलीय, पहिल्या पावसात वायपर नीट पुसत नाहीत, अशा कारणांनी जुनी गाडी परत करायला जाऊ नका. नऊ-दहा वर्षांच्या गाडीत तिच्या वयाची झीज असणारच आणि किंमत त्यासाठीच कमी असते. ग्राहक आयोगासमोर अशी तक्रार टिकणार नाही आणि टिकूही नये. भांडायचं ते खोट्यावर: बुडालेली गाडी न बुडालेली सांगणं, मोठा अपघात लपवणं, मीटर मागं फिरवणं, बँकेचा बोजा असताना 'क्लिअर' म्हणणं.

'आम्ही नुसते मधले' हेही चालत नाही. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षांसाठी असतं. मालकानं गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना परिवहन खात्याच्या पोर्टलवर द्यायची असते. त्यानंतर कायद्याच्या दृष्टीनं तो डीलरच गाडीचा मालक मानला जातो. समजा एखाद्यानं प्राधिकारपत्र घेतलंच नाही आणि फक्त कमिशन घेऊन व्यवहार जुळवला, तरी कमिशन घेतलं म्हणजे सेवा दिली, आणि सेवेतली त्रुटीसुद्धा याच कायद्यात येते. म्हणून गाडी बघायला गेल्यावर आधी प्राधिकारपत्र दाखवायला सांगा.

तिसरा मुद्दा ऐकायला सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक. गाडी त्यांच्या मेकॅनिककडं गेली की गाळ धुतला जातो, जोड बदलले जातात आणि पुरावा संपतो. आम्ही गाडी वाड्यात लावली, चालवणं बंद केलं, मीटरचा फोटो काढला आणि सीटबेल्टपासून स्टेपनीच्या खड्ड्यापर्यंत सगळ्याचा व्हिडिओ केला. चाचांनी लेटरहेडवर लिहून द्यायला आधी नको म्हटलं, कोर्टकचेरीची धास्ती. दुसऱ्या दिवशी स्वतःच घरी आले आणि कागद हातात दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. सोबत एका परवानाधारक मोटार सर्वेअरचाही अहवाल घेतला, कारण त्रयस्थ माणसाच्या सहीला वजन येतं.

मग नोटीस. वकील लागत नाही, साध्या मराठीत लिहिली. कधी घेतली, किती पैसे कसे दिले, काय सांगितलं होतं, काय निघालं आणि आमची मागणी काय: गाडी घ्या, पैसे व्याजासह द्या. स्पीड पोस्टानं पाठवली, पावती जपून ठेवली, तीच व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवरही टाकली. ही घाई मुद्दाम केली. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत, नकार देणं ही या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. बिलच न देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. आमच्या हातात टोकनची पावती होती आणि बाकी रक्कम आरटीजीएसनं गेलेली, त्यामुळं व्यवहार नाकारायला जागा नव्हती. मराठवाड्यात माणूस ओळखीचा निघाला की आपण भिडेपोटी पावती मागत नाही, रोख मोजून देतो. कुणाचीही भीड असली तरी मोठी रक्कम बँकेतूनच द्या.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. तिथून डीलरला विचारणा होते, काही प्रकरणं तेवढ्यावर सुटतात. आमचं सुटलं नाही. तेव्हा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेलो, आणि तेही परभणीच्याच. डीलर म्हणाला होता, "केस टाकायची तर संभाजीनगरला या." हे खरं नाही. 2019 च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मला हा बदल या कायद्यातला सगळ्यात मोठा वाटतो, कारण दर तारखेला शाळेची रजा टाकून दुसऱ्या जिल्ह्यात जाणं माझ्यासारखीला परवडलंच नसतं. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते, पण आम्ही ग्राहक पंचायतीचं काम करणाऱ्या एका काकांच्या मदतीनं मराठीत मसुदा केला आणि शपथपत्र, फोटो, अहवाल, जॉबकार्ड लावून प्रत्यक्ष दिली.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला म्हणणं मांडायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्याहून जास्त मुदत देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये सांगितलंय. तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेवढी मनाची तयारी ठेवावी लागते.

जॉबकार्डची प्रत हातात पडल्यावर डीलरचा सूर बदलला. आधी म्हणाला, 60 हजार घ्या आणि गाडी ठेवा. भाऊजी डळमळले होते, खोटं कशाला सांगू. मीच अडून बसले. बुडालेल्या गाडीची वायरिंग आज चालेल, उद्या चालणार नाही, आणि त्यात सासऱ्यांना घेऊन रात्री-अपरात्री नांदेड गाठायचं असतं. शेवटी आयोगासमोरच तडजोड झाली. पूर्ण 3,85,000 परत. सर्वेअरची फी, विमा आणि त्रासाची भरपाई सोडावी लागली. ती सोडू नये असंच माझं मत होतं आणि आजही आहे, पण सासरे म्हणाले, "पैसे घरी येऊ दे माय, बाकीचं जाऊ दे," आणि त्यांच्यापुढं मी बोलले नाही.

परत देताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पैसे खात्यात जमा झाल्यावरच चावी दिली. आरसी तोवर भाऊजींच्या नावावर झाली होती, म्हणून मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करताना तारखा घातल्या, कागद-चावी-गाडी ताब्यात दिल्याची वेळेसकट पोच घेतली आणि नाव बदलेपर्यंत पोर्टलवर बघत राहिलो. आरसीवर ज्याचं नाव, अपघात झाला तर जबाबदारी त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये ते स्पष्ट केलंय, आणि गाडी विकून मोकळे झालो असं समजणारे कितीतरी लोक त्यात अडकतात. तडजोड आयोगाच्या आदेशात आणून घ्या हेही सांगते. आदेश पाळला नाही तर किमान एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 25 हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. साध्या स्टॅम्प पेपरवरच्या करारामागं हे बळ नसतं.

तडजोडीच्या मसुद्यात डीलरनं 'तांत्रिक बिघाडामुळे वाहन परत' असं लिहून आणलं होतं. मी ते मान्य केलं नाही. गाडी कुणाला तरी पुन्हा विकली जाणार होती, कदाचित आमच्यासारख्याच घरात. बराच वेळ वाद झाला, काका माझ्या बाजूनं उभे राहिले, आणि अखेर कागदावर 'सदर वाहन पाण्यात बुडालेले असल्याने' एवढे शब्द आले. त्याखाली डीलरची सही आहे.