रिझर्विस्ट वडिलांची पेन्शन आईच्या नावावर करताना

नावाचा घोळ असेल तर पेन्शनर हयात असतानाच तो निस्तरून घ्या. हे आधीच सांगतो, कारण आमचं घोडं तिथेच अडलं.

बाबा गोवा मुक्तीनंतर पेडण्याहून सैन्यात गेले. काही वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे पलटणीतली प्रत्यक्ष नोकरी केली, मग घरी येऊन रिझर्व्हमध्ये राहिले. शेती सांभाळायची, पण बोलावणं आलं की हजर व्हायचं. दोन्ही मिळून किमान 15 वर्षं भरली की रिझर्विस्ट पेन्शन बसते, तशी त्यांना बसली. ते वारल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू व्हायला हवी होती. मृत्यूचा दाखला, बँक, फॉर्म ही कामं पटापट झाली. पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयातल्या माणसाने प्रत्येक कागद नीट तपासून दिला.

गाडी अडली ती रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सैन्याच्या कार्यालयात. लग्नात आईचं नाव बदललं, तेच बाबांनी पलटणीत नोंदवलं: प्रभावती. आधारवर मात्र जन्मदाखल्यावरचं सुलोचना. दावा एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला: नावात तफावत. कोणता कागद जोडला तर ही तफावत मिटेल, याबद्दल अवाक्षर नाही. नोटरीचं प्रतिज्ञापत्र पाठवलं, तर मॅजिस्ट्रेटसमोरचं हवं म्हणाले. ते दिलं, तर वर्तमानपत्रातली जाहिरात मागितली. तीही दिली. मग मामलेदाराचा, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला. फोन केला की ‘फाईल सेक्शनला आहे’ एवढंच उत्तर. सगळ्या मागण्या पहिल्याच पत्रात लिहिल्या असत्या तर आईला इतके महिने मुलांकडे हात पसरावा लागला नसता. या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्याहून जास्त खटकलं ते वेगळंच. बाबांचं नाव यादीतून लगेच कमी झालं, आईचं चढलं नाही. म्हणजे सरकारी हिशेबात आमच्या घरात पेन्शनरच उरला नव्हता. 2025-26 च्या अर्थसंकल्पात संरक्षण पेन्शनसाठी 1,60,795 कोटी रुपये ठेवले, सुमारे 34 लाख पेन्शनर धरून. सरकारी हिशेब रोखीचा असतो, पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षीचा खर्च. यंदा अडवलेली रक्कम पुढे थकबाकी म्हणून एकदम अंगावर येते, आणि त्या वर्षी खर्च वाढलेला दिसतो. माणसं तेवढीच असतात, चुकीची असते ती नोंद. एप्रिल 2022 मध्ये तर वार्षिक ओळखपडताळणी झाली नाही म्हणून 58 हजारांहून जास्त पेन्शनरांचे पैसे अडले होते. शेवटी सरकारला खास मुदतवाढ द्यावी लागली. ही मोजणी बरोबर असणं मला देशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं वाटतं.

कोंडी फुटली ती बाबांच्या जुन्या ट्रंकेमुळे. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निघताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तिकेत, दोघांचा जोडफोटो निघाला. पलटणीचा गोल शिक्का अर्धा कागदावर, अर्धा आईच्या पदरावर, आणि खाली प्रभावती. त्याची साक्षांकित प्रत आणि आधार एकत्र जोडून तक्रार नोंदवली, तेव्हा कुठे दुरुस्त पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, निघाला. बँकेचा मेसेज आला तेव्हा आईने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. तेव्हा डिस्चार्ज बुक जपा, आणि त्याच्या प्रत्येक पानाचा स्कॅन काढून ठेवा.

आणखी एक. हयातीचा दाखला जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सेवेवर भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून स्पर्श या संरक्षण खात्याच्या पेन्शन प्रणालीचा पर्याय निवडा, जुन्या सवयीने बँक नको. भातलावणी करून आईच्या बोटांचे ठसे झिजलेत, यंत्र ते घेत नाही. मोबाईलवर चेहऱ्याने पडताळणी लगेच झाली.

थकबाकी एकरकमी आली तर तिचा वर्षवार तक्ता मागून घ्या. रकमेमुळे कर लागण्याची वेळ आलीच तर कर सल्लागाराला तो तक्ता दाखवा. फॅमिली पेन्शनच्या थकबाकीवर करात सवलत मागता येते, पण त्याचा फॉर्म विवरणपत्राच्या आधी भरावा लागतो.