तारा विकत मिळतो का?

पुण्यातल्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : मुलीच्या वाढदिवसाला तिच्या नावाचा तारा घ्यायचा असेल, तर किती पैसे पडतात? म्हणून इथे स्पष्टच लिहितो. पैसे भरून मिळते ते केवळ प्रमाणपत्र. त्यावरचे नाव विक्रेत्याच्या दप्तरी राहते, खगोलशास्त्रात ते कोणीही वापरत नाही.

अधिकृत नावे १९१९ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो, आणि तो ती विकत नाही. बहुतेक ताऱ्यांना नाव नसतेच, असतो तो सूचीतला क्रमांक. ठळक ताऱ्यांना मात्र निरनिराळ्या संस्कृतींनी निरनिराळी नावे दिलेली असल्यामुळे, त्यांतले एक निश्चित करण्यासाठी संघाने २०१६ साली एक समिती नेमली. आपल्या रोहिणीचे अधिकृत नाव अल्डेबरान हे अरबी वळणाचेच राहिले. परंतु २०१७ साली मीन राशीतल्या एका ताऱ्याला 'रेवती' आणि मेष राशीतल्या एकाला 'भरणी' ही नावे मान्य झाली. यांतली रेवती इतकी मंद आहे की शहराच्या उजेडात ती नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीणच, तरी पंचांगातले हे नाव आता जगाच्या सूचीत आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

संघाच्या शताब्दीनिमित्त २०१९ साली प्रत्येक सहभागी देशाला एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव सुचवण्याची संधी मिळाली. भारताच्या वाट्याला आलेला तारा होता एचडी ८६०८१. लोकांकडून सूचना मागवून, मतदान घेऊन त्याचे नाव भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' असे ठेवले गेले. दोन दिवसांहून थोड्याच अधिक काळात त्याची प्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या ग्रहाचे 'संतमस' हे नाव पुण्यातल्याच एका शाळकरी मुलाने सुचवले होते.

धूमकेतूला शोधकाचे नाव मिळते. लघुग्रहाचे तसे नाही : त्याची कक्षा पक्की होऊन त्याला कायमचा क्रमांक मिळाला की शोधक नाव सुचवू शकतो, मात्र राजकीय वा लष्करी व्यक्तीचे नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे उलटल्याशिवाय देता येत नाही.

मुलीसाठी विचारणाऱ्यांना मी शेवटी शुक्राविषयी सांगतो. तिथल्या वीस किलोमीटरहून मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावे देतात, त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचे 'जोशी' आणि पंडिता रमाबाईंच्या नावाचे 'मेधावी' ही विवरे आहेत. त्याहून लहान विवरांना जगभरच्या भाषांमधली मुलींची साधी, रोजची नावे मिळतात. ही यादी इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. लेकीचे नाव तिथे आधीच आहे का, ते तिच्यासोबत बसून जरूर शोधावे.