पिंप भरायला किती वेळ?

उंड्रीच्या त्या सोसायटीत पोचलो तेव्हा लिफ्टशेजारी दोन पांढऱ्या बादल्या मांडून ठेवल्या होत्या. एकीत नुकतंच भरलेलं बोअरचं पाणी, काचेसारखं नितळ. दुसरीत सकाळी भरून ठेवलेलं, तेही फिल्टरमधून आलेलं. त्याच्या तळाशी विटकरी गाळ.

"सव्वा वर्ष झालं फिल्टरला, आणि हे बघा," सेक्रेटरी काकू म्हणाल्या. "आमचे मामा बॅकवॉशच करत नाहीत. दुसरा वॉचमन बघायचा ठरलंय."

मामा काही बोलले नाहीत. केबिनमधून शंभर पानी वही आणून माझ्या हातात दिली. दिवसाआड तारीख, वेळ आणि पुढे 'बॅकवास १० मिनिट'. काही पानांवर चहाचे डाग. एका रात्रीत भरलेली वही अशी दिसत नाही.

बोअरच्या पाण्यातलं लोह साखरेसारखं विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि खाली बसतो. फिल्टरमधली काळी मिडिया, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडची बारीक खडी, हेच काम आतल्या आत झटपट उरकते आणि गंज थरात अडकवून ठेवते. बॅकवॉश म्हणजे खालून उलटं पाणी सोडून, खडी उचलून तो धुऊन काढायचा. पाणी तपासायच्या किटवर बोअरचं लोह लिटरला ३ मिलिग्रॅम आलं, फिल्टरनंतरचं २. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा १ ची आहे.

वरचा वाल्व काढला आणि अर्धा इंची पाइप आत सोडला. खडीत तो थोडं हलवलं की सर्रकन उतरायला हवा. इथे 'टक्' वाजलं. जोर लावून फिरवला तेव्हा पाइपच्या तोंडात अडकून ढेकूळ वर आलं. बाहेरून तांबडं, फोडलं तर आत काळी खडी, गूळपापडीसारखी घट्ट बसलेली. पाणी ह्या ढेकळांच्या फटींतून वाट काढून निघून जात होतं, मिडियाला धड न शिवता.

मग मामांना २०० लिटरचं पिंप आणायला सांगितलं. बॅकवॉशचा पाइप त्यात सोडला आणि मोबाइलवर वेळ लावली. पिंप भरायला २ मिनिटं ४० सेकंद लागली. म्हणजे मिनिटाला ७५ लिटर. २४ इंची टाकीतली ही खडी उचलायला २०० च्या आसपास लागतं. आधी त्यात वाळू होती, तिला ह्याच्या निम्म्यावर भागतं. कुणीतरी वाळू काढून ही जड मिडिया भरून गेला, पंप तोच ठेवला. मामा इमानाने बॅकवॉश करत होते, पण आत काही हलतच नव्हतं.

काकूंच्या फायलीत पुढचं कोटेशन तयार होतं, तांबं-जस्ताच्या दाण्यांचं. क्लोरीन काढायला ती मिडिया झकास, पण वजन लिटरला पावणेतीन किलोच्या आसपास. जिथे ही हलत नाही तिथे ती काय हलणार! शिवाय 'पाण्याचा जडपणा जाईल' असंही छापलेलं. जडपणा तिने जात नाही, त्याला मिठावर चालणारा सॉफ्टनर लागतो. मी कोटेशन उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर पाइपचं स्केच काढलं.

गच्चीवरची टाकी रिकामी करायची दोन इंची वॉशआउट लाइन फिल्टरच्या खोलीमागूनच उतरत होती. सात मजल्यांचं प्रेशर फुकटात. प्लंबरने दुपारी वाल्व टाकून ती जोडून दिली. ढेकळं पाइपने फोडून घेतली, मिडिया वाहून जात असेल तर कळावं म्हणून ड्रेनच्या तोंडाला ओढणीचा तुकडा बांधला आणि वाल्व सावकाश उघडला. आधी चहाच्या रंगाचं, मग नुसतं कुंकवाचं पाणी. पिंप ५५ सेकंदांत भरलं. पाणी निवळायला बारा मिनिटं लागली.

काकू मनात हिशेब करत होत्या. "अहो, अडीच हजार लिटर गेलं की! पाव टँकर!"

चुकीचं नव्हतं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत गटारात जाणारं पाणी बघवत नाही. म्हणून एक जुनी सिंटेक्स ड्रेनखाली बसवली. गाळ खाली बसला की वरचं पाणी बागेला.

निघताना काकूंनी पांढरी बादली नव्याने भरून लिफ्टशेजारी ठेवली, वर पुठ्ठा: 'हात लावू नये'. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन आला. काकू नव्हत्या, मामा होते.

"सायेब, बादली पांढरीच हाय. आन् काकूंनी वही मागून घेतली, मीटिंगला दाखवायला."