आधी दार, मग स्पीकर

खानदेशात गाडीत वाजणाऱ्या कुठल्याही वस्तूला अजून 'टेप'च म्हणतात. कॅसेट गेली, सीडी गेली, डॅशबोर्डवर ९ इंची काचेचा पडदा आला, तरी 'टेप लाव रे भो' काही जात नाही. आणि टेप लावायचा म्हणजे मोठ्यानेच. धुळ्याहून जळगावकडे निघालेली गाडी, मे महिना, एसीचा पंखा शेवटच्या आकड्यावर, शेजारून ट्रक. एवढ्या गदारोळातून ढोलकीची थाप ऐकू यायची तर व्हॉल्यूम वाढवावाच लागतो. आवाज फाटायला सुरुवात होते ती तिथे. मग कुणीतरी म्हणतं, स्पीकर बदलून टाक.

स्पीकर बदलले जातात. दुकानातल्या फळीवर जे खणखणीत वाजत होते, तेच दारात गेल्यावर मुके होतात. फसवणूक कुणी केलेली नसते. फळीवरचा स्पीकर जाड प्लायमध्ये पक्का बसवलेला असतो. गाडीच्या दारात तो पातळ पत्र्याला तीन-चार स्क्रूंवर टांगलेला असतो. स्पीकरचा कोन, म्हणजे थरथरणारा शंकूसारखा पडदा, पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागे ती ओढतो. मागचा हा उलटा आवाज आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून पुढे आला, की दोघे एकमेकांना खातात, आणि पहिला बळी बेसचा जातो. त्या भोकांवर कंपनीने लावलेला प्लास्टिकचा कागद पाणी अडवतो. आवाज त्याला जुमानत नाही. थोडक्यात, स्पीकरची पेटी म्हणजे दारच. तीच फुटकी असेल तर महाग स्पीकर घालून उपयोग काय?

दारावर बोटाच्या पेराने ठोकून बघा. 'टण' असा रिकाम्या पिंपासारखा आवाज येतो. हा 'टण' घालवण्यासाठी डॅम्पिंग शीट असते: २ मिलिमीटर जाडीचं ब्यूटाइल रबर, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. इथे आपल्या भागाचा एक नियम आहे, डांबरी शीट घ्यायची नाही. ती स्वस्त असते, दिसायला सारखीच असते. पण भुसावळच्या उन्हात दुपारभर उभ्या गाडीच्या दाराला हात लावून पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. डांबर मऊ पडतं, गाडीत वास सुटतो, शीट घसरत खाली येते आणि दाराच्या तळाला जाऊन बसते.

आणि तळालाच तर पाणी जायची भोकं असतात. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दाराच्या आतून वाहत त्या भोकांतून बाहेर पडतं; प्रत्येक गाडीचं दार आतून ओलं होतं, त्यात बिघाड काही नाही. भोकं बुजली की पाणी साचतं, काळ्या मातीची धूळ त्यात कालवली जाते आणि दोन पावसाळ्यांत तळ गंजतो. म्हणून शीट लावताना तळाची तीन-चार बोटं जागा मोकळीच ठेवायची.

दाराचं पॅड काढताना हँडलच्या वाटीतला आणि आर्मरेस्टखालचा, असे लपलेले स्क्रू आधी शोधावेत. मग प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने क्लिपा सोडवाव्यात, स्क्रू ड्रायव्हरने नाही. उन्हाने कडक झालेल्या दोन-तीन क्लिपा मोडणारच, त्यामुळे आठ-दहा जादा आणून ठेवलेल्या बऱ्या. आतला पत्रा थिनरच्या फडक्याने पुसायचा. धुळीवर चिकटवलेली शीट धुळीलाच चिकटते, पत्र्याला नाही. बाहेरच्या पत्र्याचा तिसरा हिस्सा ते निम्मा झाकला तरी त्याची थरथर थांबते. आतल्या पत्र्याची भोकं मात्र सगळी बंद करायची. पुढच्या एका दाराला साधारण १० ते १२ चौरस फूट शीट लागते. ती लाकडी किंवा लोखंडी रुळाने दाबत राहायची, वरची नक्षी सपाट होईपर्यंत. भोकं बंद करण्याआधी काच पूर्ण खाली-वर करून पाहायची आणि लॉकची दांडी अडकत नाही ना ते बघायचं, नाहीतर सगळं पुन्हा उपटावं लागतं. आता ठोका. 'टण'चा 'ठप' झालेला असतो. कंपनीचेच जुने स्पीकर परत बसवले तरी आवाज भरल्यासारखा वाटतो, आणि अर्धी माणसं इथेच थांबली तरी चालेल.

पुढे जायचंच असेल तर स्पीकरखालची चकती एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची, नको. ओल लागली की ती पाण्यात टाकलेल्या पावासारखी फुगते आणि स्क्रू ढिले होतात. प्लास्टिकची किंवा मरीन प्लायची घ्यावी, मध्ये फोमची पट्टी द्यावी. साडेसहा इंचीचा स्पीकर घेताना त्याची खोलीही मोजायची; काच पूर्ण खाली आल्यावर ती चुंबकाला टेकते, हे बरेचदा सगळं बसवून झाल्यावर कळतं. ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, वेगळा असलेला कॉम्पोनंट सेट घेतला तर ट्विटर आरशाजवळच्या कोपऱ्यात, कानाच्या दिशेने. गाणारा माणूस मग गुडघ्यापाशी न बसता समोर डॅशवर येतो.

ॲम्प, म्हणजे आवाजाला ताकद देणारा वेगळा ॲम्प्लिफायर, हवा की नको? टेपवर '५० × ४ वॅट' छापलेलं असतं, तो नुसता शिखराचा आकडा. गाडीच्या १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला टेपमधून न फाटता सलग मिळतात ते १८-२० वॅट. त्यामुळे ॲम्प घ्यायचा नसेल तर खोक्यावर संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो त्याचा आकडा बघा, ९० डेसिबलच्या वरचा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचा फरक. ॲम्प घेणार असाल तर चार चॅनलचा, दर चॅनलला ७५ वॅट आरएमएसचा (आरएमएस म्हणजे सलग मिळणारे वॅट), क्लास डी जातीचा. तो कमी तापतो, आणि आपल्याकडे ही गोष्ट वॅटपेक्षा मोठी. सीटखाली बसवताना वर दोन-तीन बोटं हवा राहू द्यायची. स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघायचं. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी बरेचदा तिथूनच जाते.

वायरमध्ये खरी चोरी असते. ४ गेज म्हणून विकली जाणारी जाडजूड वायर वरून तांबडी आणि आतून ॲल्युमिनियमची निघते. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली की ओळखा. ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम साठ टक्के वीज वाहतं. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच, आणि तो ॲम्पसाठी नाही तर वायरसाठी. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर आणताना भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, विसरलं, तर पत्र्याची धार हळूहळू वायरचं वेष्टण कापत जाते, आणि फ्यूज नसेल तर पुढची गोष्ट अग्निशमन दलाची. अर्थची वायर दीड फुटाहून लांब नको. ती रंगावर नाही, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर नट-बोल्टने आवळायची, वरून ग्रीस. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि आरसीए, म्हणजे टेपकडून ॲम्पला गाणं नेणारी वायर, दुसऱ्या बाजूने न्यायची. नाहीतर ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी एक बारीक शिट्टी गाण्याला कायमची साथ देते.

ॲम्पवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे मेकॅनिकलाही पटवून द्यावं लागतं. टेपच्या आवाजाशी ॲम्पची सांगड घालणं, एवढंच त्याचं काम. तो कानाने लावू नये, मल्टिमीटरने लावावा. किती व्होल्टवर थांबायचं त्याचा हिशेब: ७५ वॅट गुणिले स्पीकरचे ४ ओहम म्हणजे ३००, त्याचं वर्गमूळ १७.३ व्होल्ट. स्पीकरच्या वायरी सोडवायच्या, बेस-ट्रेबल शून्यावर ठेवायचे, पेनड्राइव्हवरून १००० हर्ट्झचा ० डेसिबलचा टोन लावायचा, टेप पाऊणवर. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या त्या चॅनलच्या टोकांना धरायचा आणि काटा १७च्या अलीकडे येईपर्यंत गेन हळूहळू चढवायचा. तिथेच सोडून द्यायचा. याच्या पुढे गेलं की लाटेची डोकी छाटली जातात, कॉइल तापते आणि आधी ट्विटर जळतो. 'जास्त वॅटने जळाला' म्हणून परत आलेल्या स्पीकरांतले पुष्कळसे खरं तर फाटलेल्या आवाजाने जळालेले असतात.

दाराच्या स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचं काम द्यायचं नाही. ॲम्पवरचा हायपास, म्हणजे खालचे सूर अडवणारी चाळणी, तिथे ठेवला की आवाजाचा ताण एकदम उतरतो. खालचं काम बफरचं, म्हणजे सबवूफरचं. पण डिकीत १२ इंची बफरचा बॉक्स ठेवला तर गावाकडून आलेलं दादर ज्वारीचं पोतं आणि भरिताची वांगी मांडीवर घ्यायची का? सीटखाली मावणारा ८ इंची पुरे. बेस आहे पण कुठून येतोय कळत नाही, असं पोकळ वाटलं तर एका दाराचं प्लस-मायनस उलटं झालंय. ट्विटर बाजूला ठेवून वूफरच्या, म्हणजे दारातल्या मोठ्या स्पीकरच्या, वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कोन बाहेर उसळला पाहिजे.

इतकं सगळं झाल्यावर उरते ती खडखड. स्पीकर स्वच्छ वाजायला लागल्यावरच ती ऐकू येते. नंबरप्लेटमागे फोमची पट्टी, पार्सल ट्रेच्या कडांना फेल्ट, पॅडमागच्या मोकळ्या वायरींना कापडी टेप. तरी ढोल लागला की पुढच्या डाव्या दारातून 'खर्रर्र' येतच राहतं. एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने हाताने एकेक जागा दाबत बसायचं. बहुतेक वेळा ती दाराच्या खणातली स्टीलची पाण्याची बाटली निघते. आणि मे महिन्यात ती काही काढून ठेवता येत नाही.