शाळा सोडण्याचे कारण

दाखल्याच्या छापील नमुन्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. आमचे क्लार्क सर तिथं न बघता ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहितात. मूल गाव सोडून जावो, लग्नाला उभं राहो, नाहीतर मागावर कामाला लागो, कारण तेच. मी या शाळेत आठवड्यातून तीन दिवस मुलांच्या अडचणी बघायला बसते. नेमणूक एका संस्थेची, जागा प्रयोगशाळेशेजारची, जुने नकाशे ठेवायची खोली. मुलं तिला ‘ताईंची खोली’ म्हणतात.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. बहुतेक पोरांच्या घरात तेलुगू, वर्गात मराठी. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर. इथं आल्यावर पहिली गोष्ट शिकले ती हजेरीपत्रक वाचायला. काही मुली दर चार-पाच दिवसांनी गैरहजर दिसायच्या. मी आठवडी बाजाराचा हिशेब लावला, पाळीचा लावला, कशाशीच जुळेना. शेवटी शिपाई मावशी म्हणाल्या, “अहो ताई, त्यांच्या बोळात त्या दिवशी पाणी येतंय की!” नळाला रोज पाणी येत नाही हे मलाही माहीत होतं, माझ्याही घरी येत नाही. पण ज्या दिवशी येतं त्या दिवशी घागरी आणि बॅरल भरायला घरातली थोरली पोर लागते, हे हजेरीवहीत मला दिसलं नव्हतं.

एकवीस नंबरची गैरहजेरी मात्र पाण्याची नव्हती. नववीतली मुलगी, नाव लिहीत नाही. सलग अकरा दिवस आली नाही आणि बाराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तिची आई दाखला काढायला आली.

आधी माझी चूक सांगते. मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आदल्या वर्षीच मी तिचा बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला होता. एकच पालक असलेल्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बोनाफाईड, घरासमोर उभं राहून काढलेला फोटो, सगळं मी जातीनं गोळा केलं. पोच फाइलला लावली आणि माझ्या वहीत तिच्या नावापुढं बरोबरची खूण केली. नंतर वळून बघितलंच नाही. बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं, त्यामुळं एक रुपयाही जमा झालेला नव्हता, हे मला त्या शनिवारी कळलं. ती खूण अजून वहीत आहे, मी खोडलेली नाही.

मी कार्यालयात पोचले तेव्हा क्लार्क सर जनरल रजिस्टर उघडून बसले होते. “सर, जरा थांबा,” म्हटलं. ते म्हणाले, “मॅडम, पालक स्वतः आलेत. मी कुठल्या नियमानं थांबवू?” त्यांचंही चूक नव्हतं. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. तोवर नाव कमी करायला शाळा दहादा विचार करते. नववीत आईनं दाखला मागितला की द्यायचा. तो दुसऱ्या शाळेत दिला गेला नाही, तर यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, संगणकावर मूल ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडतं. कोणत्या साहेबाला सुचलं कोण जाणे, नाव पत्रपेटीसारखं आहे. पण त्यातलं पत्र न्यायला सहसा कोणी येत नाही.

बाईंना विचारलं, का काढताय? त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “जमंना झालंय मॅडम. पोरगी कामाला जाऊलालीय.” कुठं? शाळेचे युनिफॉर्म शिवतात त्या कारखान्यात, धागे कापायला. सोलापुरात शिवलेले शाळेचे गणवेश देशभर जातात. ही पोर दुसऱ्यांच्या गणवेशाचे लोंबते धागे कापायला बसली होती, नगावर पैसे.

मी समजावायला लागले. दहावी तरी होऊ द्या, शिष्यवृत्ती आहे, वगैरे. स्वतःचाच आवाज मला खोटा वाटत होता. बाई ऐकून घेत होत्या, पण हात अर्जाकडं. क्लार्क सरांनी अर्ज पुढं सरकवला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. बाईंनी कागद उचलला, हात लांब केला, मान मागं नेली, परत खाली ठेवला. पेन टेकवलं ते ओळीच्या बोटभर वर, तारखेच्या अंगावर.

“तिथं नाही हो, खाली. अंगठा देता का?”

बाईंचा चेहरा बदलला. “सही येतीय मला,” त्या म्हणाल्या. “चौथीपर्यंत शिकलीय मी.”

दुसरा अर्ज घेतला, पुन्हा तेच. क्लार्क सरांना बारा वाजायच्या आत कुलूप लावून घरी जायचं होतं. वैतागून त्यांनी आपला चष्मा काढला आणि तिच्यापुढं धरला. “हा घाला. चाळिशी लागलीय तुम्हाला.” हेतू एवढाच की सही जागेवर यावी.

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. सही केली नाही. आधी अर्ज वाचला, अक्षराला अक्षर लावून. मग कागद ठेवला आणि उजव्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून उलटसुलट करून बघितली. तंबाखूनं पिवळी पडलेली, तर्जनीला चीर. तिघंही गप्प होतो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “ह्याचा नंबर किती?”

“दोनचा,” क्लार्क सर म्हणाले.

मग हळूहळू सगळं निघालं. विडी वळायची म्हणजे मांडीवर सूप, पत्र्याच्या मापानं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी आणि शेवटी दोऱ्याचे दोन वेढे. मजुरी हजार विड्यांमागं. कारखान्यात तपासणीला सैल, वाकडी विडी बाजूला काढतात, ती ‘छाट’. तिचे पैसे नाहीत, पान-तंबाखू मात्र आपल्या अंगावर. वर्षभरात बाईंची छाट वाढत गेली होती. त्यांना वाटायचं, नवरा गेल्यापासून हाताला कंप सुटलाय. पोरगी रात्री बसून दोरे बांधून द्यायची, सकाळी वर्गात डुलक्या घ्यायची. (वर्गशिक्षिकेनं माझ्याकडं तशी तक्रार केली होती. मी तिला ‘लवकर झोपत जा’ म्हणून सांगितलं होतं!) तरीही हिशेब बसेना, म्हणून युनिफॉर्मचा कारखाना.

हेडसरांनी दाखला पुढच्या आठवड्याच्या शेवटापर्यंत रोखायचं कबूल केलं. क्लार्क सरांनी कुरकुर केली, चष्मा मात्र लगेच परत मागितला.

मी बाईंना घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले. गाड्यावर शंभर-सव्वाशेला तयार चष्मे मिळतात, पण मला मोतीबिंदूची भीती होती. तपासणाऱ्यानं दहा मिनिटांत सांगितलं, काही नाही, जवळचं दिसत नाही एवढंच. बाईंचं वय एकेचाळीस. चाळिशीला चाळिशी. पैसे मी द्यायला लागले तर त्यांनी निम्मे दिलेच.

घरी पोचलो तर पोर जेवायला आली होती. केसांत आणि भुवईत निळ्या धाग्याचे बारीक तुकडे. मला वाटलं होतं, आता काम सोपं झालं. विचारलं, सोमवारी येतेस?

“लेदु,” ती म्हणाली, म्हणजे नाही. मग आई आत गेल्यावर मराठीत, “बीजगणितात काय चाललंय ते मला कळायचं नाय आता. सगळ्या हसतील.” शिवाय कारखान्यातला आठवड्याचा हिशेब पुढच्या शनिवारी होणार होता. आधी सोडलं तर केलेल्या कामाचे पैसे बुडणार. चौदा वर्षांच्या पोरीचा हा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. मी हट्ट केला नाही. शनिवारपर्यंत थांबायचं ठरलं.

त्या आठवड्यात मी बँकेच्या दोन चकरा मारल्या, खात्याला आधार जोडून घेतलं, बालसंगोपनाचा अर्ज पुन्हा मार्गी लावला. आईचं विडी कामगाराचं कार्ड चालू होतं, म्हणजे नववीच्या मुलीला केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची वर्षाची २००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकत होती. तोही फॉर्म ऑनलाइन भरला. गणिताच्या सरांना सकाळी घंटेआधी अर्धा तास मागितला. ते आधी म्हणाले, “एकीसाठी?” मग म्हणाले, “आणखी कोण मागं असतील त्यांनाही पाठवा.” सात मुली आल्या. एकवीस नंबर सोमवारी आली ती त्या सात जणींतच बसली, त्यामुळं तिच्याकडं कोणी बघितलं नाही. पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी सहा मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभेला आई आल्या. चष्म्याच्या काडीला काळा दोरा बांधून गळ्यात अडकवलेला. छाट कमी झालीय का, विचारलं. “झालीय की,” म्हणाल्या, पण तोंडावर खुशी दिसेना. पिशवीतून त्यांनी तेंदूची चार-पाच ओलसर पानं काढली आणि क्लार्क सरांच्या टेबलावर, रजिस्टरवरच, पसरली.

“हे बघा मॅडम. इतके दिवस वाटायचं माझेच डोळे गेलेत. पालाच असला देतात. भोकं बघा, डाग बघा. ह्याच्यात हजार कुठनं निघणार? आता सगळं दिसलालंय मला.”

“अहो, रजिस्टर ओलं होतंय,” क्लार्क सर म्हणाले, आणि आपला चष्मा नीट करून एक पान उजेडाकडं धरून बघू लागले.