मळलंच नाहीस?

"मळलंच नाहीस? मग हा ब्रेड कसला?"

बिअर ब्रेड ओव्हनमधून काढला आणि मावशीचा पहिला प्रश्न हा. दिवसभर डोक्यातून जाईना.

यीस्ट नाही, मळणं नाही, पीठ फुगायची वाट पाहणं नाही. ३ कप मैदा, १ मोठा चमचा बेकिंग पावडर, मीठ, थोडी साखर आणि ३३० मिली बिअर. बिअर ओतली की पीठ फसफसतं, चमच्याला चिकटून बसतं. तिथेच थांबायचं! गुठळ्या राहू देत. जास्त ढवळलं की मैद्यातलं ग्लुटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) घट्ट होतं आणि ब्रेड चिवट. वरून वितळलेलं लोणी, मग १८० अंशांवर साधारण ५० मिनिटं. त्या लोण्याने कड अशी खरपूस होते की सुरी घातल्यावर कर्रकन आवाज येतो.

फुगवते ती बेकिंग पावडर, बिअरमधला वायू तिच्या मदतीला. (भाजताना अल्कोहोल बरंचसं उडतं, पण सगळं नाही. मुलांना देण्याआधी हे लक्षात असू द्या.)

मावशी चुकीचं बोलली असं नाही. तिने आयुष्यभर हातानेच पीठ ओळखलं. पण राबल्याची खूण दिसली नाही, की पदार्थ खरा मानायला आपण इतके का कचरतो?